ओलं दिसतं तिथे गळत नसतं : जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगची गोष्ट

पीएमपीच्या गर्दीत लोंबकळत ऐकत असाल किंवा घरी भांडी घासताना, तुमचं स्वागत. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा इथे लिहून ठेवतोय. आजचा विषय जरा तेलकट आहे.

आमच्या घरी 2007 सालची एक पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. गेल्या जानेवारीत बाबा एकटेच सासवडला निघाले होते. हडपसर गेलं, वडकी गेली, दिवे घाट सुरू झाला आणि एका वळणावर स्टिअरिंग अचानक जड झालं. बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज आला. बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी कसंबसं ओढून वळण घेतलं.

घरी येऊन त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली खुंटीवरून हलेना. चार दिवसांनी मी विचारलं, "बाबा, गाडी का काढत नाही?" तर म्हणाले, "आता होत नाही रे माझ्याच्याने."

बाबांना वाटत होतं, आपलं वय झालं. झालं होतं वय, पण एका रबरी पाइपचं.

आधी डाग ओळखा

सकाळी गाडीखाली वाकून पाहिलं, तर पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला लालसर डाग. गाडीखालचा प्रत्येक डाग वेगळं सांगतो. स्वच्छ पाणी असेल तर बहुधा एसीचं, विसरून जा. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. काळं-तपकिरी, बुळबुळीत असेल तर इंजिन ऑइल. लालसर किंवा मधाच्या रंगाचं पातळ तेल पुढच्या भागात पडत असेल, तर पॉवर स्टिअरिंगवर संशय घ्या. मात्र ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही लाल असतं आणि जुनं झालेलं स्टिअरिंगचं तेल काळपट होतं. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, टाकीतली पातळी बघा. आमच्या टाकीत तेल 'मिन'च्या खाली होतं आणि वर फेस होता.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. तुमच्या गाडीत ही टाकीच सापडली नाही, तर घाबरू नका. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. तिथे तेल नाही, म्हणजे ही गळतीही नाही. सुझुकीने ते 1988 मध्ये जपानमध्ये सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत आणलं. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं राज्य तेलाचंच होतं. 1951 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते विक्रीला आलं, आणि आपल्याकडच्या जुन्या सफारी, जुन्या स्कॉर्पिओ, जुन्या इनोव्हा याच जातकुळीतल्या.

आत काय चालतं

टाकीतून तेल पंपात जातं. पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. पंप ते तेल दाबाने एका जाड पाइपमधून खाली स्टिअरिंगच्या रॅकमध्ये ढकलतो. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की रॅकमधला व्हॉल्व्ह ठरवतो की दाब कोणत्या बाजूला द्यायचा. काम झालं की तेच तेल दुसऱ्या, साध्या रबरी पाइपमधून परत टाकीत येतं.

म्हणजे पाइप दोन स्वभावाचे. जाणारा जोरकस, येणारा निवांत. घरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण 1 बार जादा दाब असतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून धरलं, तर जाणाऱ्या पाइपमध्ये 60 ते 100 बारपर्यंत दाब जाऊ शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे जिवाशी संबंध आहे.

तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, त्यामुळे जोर पोहोचत नाही. कण्हणं, फेस आणि जडपणा हे तिन्ही एकाच कारणाने. दिवे घाटात नेमकं हेच झालं. वळण हळू घ्यायचं, चाक जास्त वळवायचं, म्हणजे मदतीची गरज सगळ्यात जास्त, आणि तेव्हाच मदत गेली.

बावीस हजार की काय?

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. रॅक खालून पूर्ण ओला. "काका, रॅक गेला. बावीस हजार धरा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'काढून टाकूया गाडी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

तो मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. रॅक खरंच ओला होता. पण तेल कधीच जागेवर थांबत नाही. ते पाइपवरून ओघळतं, जोडावरून घसरतं आणि शेवटी सगळ्यात खालच्या जागी थेंब होऊन लटकतं. त्यात गाडी चालताना वारा त्याला मागे उडवतो. रॅक खाली असतो, त्यामुळे वरच्या कुठल्याही गळतीचं बिल त्याच्या नावावर फाटतं.

म्हणून आजच्या एपिसोडमधलं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल : थेंब कुठे पडतो ते बघू नका, सगळ्यात वरची ओली जागा कुठली ते बघा.

पुसा, मग शोधा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी मी आणि बाबांनी हे केलं.

पहिलं काम सफाई. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. टाकी, पंप, दोन्ही पाइप आणि हात पोहोचेल तिथपर्यंत रॅक, सगळं डीग्रीझर आणि फडक्याने कोरडं केलं. पट्ट्यावर आणि वायरिंगवर काही उडू दिलं नाही. जुन्या तेलावर नवी गळती दिसतच नाही, त्यामुळे ही पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजपंचे.

दुसरं, रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे ते घड्याघड्यांचे कव्हर, बोटांनी दाबून पाहिले. आत पातळ तेल खुळखुळलं असतं तर रॅकचं सील गेलंय हे नक्की, आणि मग तो बावीस हजारांचा सल्ला बरोबर ठरला असता. आमचे बूट बाहेरून ओले, आतून रिकामे. इथे पहिल्यांदा जीवात जीव आला.

तिसरं, संशयाच्या जोडांवर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवली. हसू नका! पांढऱ्यावर तेलाची रेघ लगेच उमटते. गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवला.

चौथं, टाकीत योग्य तेल पातळीपर्यंत भरलं, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. बाबा आत बसले, इंजिन सुरू केलं आणि स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवलं. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पंपावर ताण येतो. मी लांब उभा. मग इंजिन बंद, आणि आता शोध.

पंपाच्या मागे डोकं जात नाही, पण मोबाइल जातो. टॉर्च लावून व्हिडिओ काढला आणि बाहेर येऊन झूम करून पाहिला. रॅकवरची पावडर कोरडी. जाडा पाइप कोरडा. पंप कोरडा. आणि वर, टाकीला येऊन मिळणाऱ्या परतीच्या पाइपच्या क्लिपखाली पावडरमधून एक बारीक लाल रेघ पाइपच्या अंगाने थेट खाली, रॅककडे गेलेली.

बाबा व्हिडिओ तीनदा बघून म्हणाले, "एवढंच?"

दुरुस्ती

बोनेटच्या उष्णतेने सतरा-अठरा वर्षांत रबर लाकडासारखं कडक झालं होतं, क्लिप ढिली पडली होती. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानातून पाइप, दोन क्लिपा आणि एक लिटर तेल आणलं. सगळं मिळून हजाराच्या आत. पाइप घेताना 'पॉवर स्टिअरिंगच्या परतीचा, तेल सोसणारा' असं स्पष्ट सांगा. कूलंटचा पाइप दिसायला तसाच असतो, पण तेलाने फुगतो. तेल कोणतं ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, त्याने सगळी सीलं खराब होतात.

पाइप बदलल्यावर हवा काढावी लागते. पुढची चाकं उचलून स्टँडवर ठेवायची, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवत राहायचं आणि तेल कमी होईल तसं भरायचं. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू. हे आम्ही ओळखीच्या गॅरेजमध्ये करून घेतलं. निघालेलं तेल बाटलीत भरून तिथेच दिलं, गटारात नाही. शेवटी आपलीच मुठा.

हे मात्र करू नका

इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नका. 60-100 बार आठवतायत ना? जाड्या पाइपला बारीक भोक असेल, तर तेलाची धार सुईसारखी कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. त्याच पाइपला क्लिपा लावून जुगाडही करू नका. तो नवाच टाकायचा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. आणि 'आठवड्याला थोडं तेल टाकू, चालतंय' असं म्हणू नका. हेच तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

प्रत्येक गळती स्वस्तातच सुटेल असं नाही. बूटमध्ये तेल सापडलं, तर रॅकचा खर्च खरा आहे. पण तो खर्च मान्य करण्याआधी एकदा पुसून बघा. मेकॅनिकलाही तसं सांगा, "दादा, आधी धुऊन, चालवून मग बघूया का?" चांगला मेकॅनिक नाही म्हणत नाही.

मार्चमध्ये बाबा पुन्हा दिवे घाट चढून गेले. येताना अंजिरांची पेटी आणली. मी विचारलं, "खांदा कसा आहे?" तर म्हणाले, "खांद्याला काय झालंय?"

आज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी काय दिसलं ते मला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!