सव्वादोन कोटींचा गुडघा

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, ट्रेनमध्ये नेट गंडत असेल, तर हे वाचा. बोलताना जे अडखळलो ते इथे थोडं सरळ केलंय, बाकी सगळं तसंच.

मागच्या आठवड्यात मुलुंडहून एका ताईंची व्हॉइस नोट आली. त्यांचा धाकटा भाऊ कबड्डी खेळतो, उजवा कोपरारक्षक. एका कंपनीच्या संघाकडून नोकरीचं पत्र आलंय, पगार साधाच. पण त्याला ते नकोय. त्याला लीगच्या निवड चाचण्यांवर सगळं लावायचंय. तो मोबाइलवर एनबीएच्या बास्केटबॉलपटूंचे करार बघतो आणि म्हणतो, "एकदा मोठा करार झाला की बस!" ताई विचारतात, हे एवढे मोठे करार खरंच परवडतात का? आणि कोणाला?

आधी एनबीएचं बोलू, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे. जॉन वॉल नावाच्या खेळाडूशी वॉशिंग्टन विझार्ड्सने 2017 मध्ये 4 वर्षांचा सुमारे 17 कोटी डॉलरचा करार केला. तो सुरू व्हायचा होता 2019-20 च्या हंगामापासून. 2019 च्या सुरुवातीला हा गडी घरात पाय घसरून पडला आणि टाचेची मोठी शीर तुटली. करार सुरू झाला तेव्हा तो बाहेर बसलेला. तो अख्खा हंगाम गेला, तरी पैसे मिळाले! तिथे अशा करारातली रक्कम बहुतेक वेळा हमीची असते. म्हणजे जोखीम संघमालकाच्या डोक्यावर.

आता आपल्याकडे या. प्रो कबड्डीत खेळाडू लिलावातून येतो. एक-दोन सीझन, की पुन्हा लिलावात. पाच वर्षांची निश्चिंती वगैरे काही नाही. जोखमीचा मोठा भाग खेळाडूच्याच खांद्यावर, आणि कबड्डीत खांदा किती टिकतो ते खेळणाऱ्याला विचारा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई बघा. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36.4 लाखांना घेतलं. पहिलाच सीझन, आणि चढाईचे 218 गुण! पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजले. त्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले, तरी टायटन्स 12 संघांत अकरावे. 2021 च्या लिलावात 1.30 कोटी, पण दुखापतीमुळे जेमतेम तीन सामने. त्याच्या पुढच्या लिलावात किंमत किती? 20 लाख. त्याच्या गटाची ती मूळ किंमत, एक रुपया वर नाही. नंतर हरियाणा स्टीलर्सने पुन्हा 1 कोटी दिले. शेअर बाजारातला ग्राफ दाखवला तर लोक म्हणतील, यात पैसे घालू नकोस. पण हा एक माणूस आहे.

हे झालं खेळाडूचं. संघाला परवडतं का? इथे मला खरी गंमत वाटते.

2022 मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला 2.26 कोटींना घेतलं. संघाकडे एकूण खर्चायला होते 4.4 कोटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर, उरलेल्या अख्ख्या संघासाठी निम्म्याहून कमी. पहिलाच सामना, गुजरातविरुद्ध. सुरुवातीच्याच काही मिनिटांत एक पकड करायला गेला आणि गुडघा गेला. सीझन संपला त्याचा. सव्वादोन कोटी मॅटवरून उचलून बाहेर नेले!

आता वाटेल की संघ बुडाला. पण नाही ना! थलायवाज त्या वर्षी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. नरेंदर नावाच्या तरुण चढाईपटूने ती जागा घेतली. तो उपांत्य सामना आपल्या वरळीच्या डोममध्येच झाला, पुणेरी पलटणशी, 39-37 असा थोडक्यात हरले. मी होतो तिथे. अंधेरीहून स्लो पकडली, महालक्ष्मीला उतरलो, आणि येताना घसा बसला होता. (पुण्याच्या बाजूने ओरडलो. मुंबईकर मित्रांनो, माफ करा.)

पुढच्या वर्षी पवन बरा होऊन आला. तेलुगू टायटन्सने 2.605 कोटी मोजले, 5 कोटींतले. तो व्यवस्थित खेळला, दोनशेच्या आसपास गुण काढले. आणि टायटन्स? 22 सामन्यांत दोन विजय, सगळ्यात तळाला. म्हणजे तो जायबंदी होता तेव्हा संघ वर, आणि ठणठणीत होता तेव्हा संघ खाली!

असं का होतं? बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि मोठा खेळाडू 48 पैकी 35 मिनिटं तरी कोर्टवर असतो. कबड्डीत तुमचा दोन कोटींचा चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो. परत कधी येतो? कोणीतरी समोरचा गडी बाद केल्यावर. बहुतेक वेळा ते काम बचावाचं. महागड्या गड्याला आत आणायला स्वस्तातले कोपरारक्षक लागतात, आणि सगळे पैसे त्याच्यावरच गेले असतील तर ते येणार कुठून? समोरच्या संघालाही हे कळतं. त्याला एकदा धरायचं आणि मग तिसऱ्या चढाईपर्यंत वेळ काढत बसायचं.

म्हणून त्याच वर्षीचा दुसरा सौदा मला जास्त शहाणा वाटतो. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2.35 कोटी दिले. अष्टपैलू, पण मुख्य काम पकडीचं. सोबत अस्लम इनामदारसारखा नगर जिल्ह्यातला पोरगा कर्णधार. पलटणने विजेतेपद मिळवलं. रक्कम मोठीच होती, पण बाकीचा संघ आधीच उभा होता.

आता ताई, तुमच्या भावाकडे येतो. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा आठवतोय ना? 2018 मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी 1.11 कोटी मोजले. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 11 वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. आणि तो भारत पेट्रोलियममध्ये नोकरीला होता. लीग आणि नोकरी ही दोन वेगळी दारं नाहीत हो. रेल्वे, सेनादल, तेल कंपन्या, तिथूनच तर लीगचे कितीतरी खेळाडू येतात. कंपनीच्या संघातून खेळला तर रोजचा सराव, मोठ्या स्पर्धा आणि गुडघा दुखला तरी महिन्याचा पगार. टायटन्सने सिद्धार्थला 20 लाखांत घेतलं त्या वर्षी लिलावात कोट्यवधींचा पाऊस पडतच होता, फक्त दुसऱ्यांवर.

त्याला एनबीए बघू द्या, मीही बघतो. फक्त तिथल्या हमीचं स्वप्न इथल्या लिलावात शोधू नको म्हणावं. आणि तो कोपरारक्षक आहे ना? मग त्याची किंमत हळू वाढेल. पत्राला उत्तर द्यायची मुदत सोमवारची आहे म्हणालात. रविवारी संध्याकाळी घाटकोपरला त्याचा सामना आहे, तिथे मी येतो. नंतर वडापाव खाताना बोलू त्याच्याशी. सही करायला पेन माझं.