रकाने आणि रंग

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या पायथन या संगणकभाषेच्या ३.१४ आवृत्तीने प्रोग्रॅम कसा वापरावा हे सांगणाऱ्या 'हेल्प'ला कोणी न मागता रंग चढविले, तेव्हा इस्लामपुरात ज्याने उभी हयात विद्यार्थ्यांकडून पांढऱ्या अक्षरांचे रकाने जुळवून घेण्यात घालविली, त्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला आनंदापेक्षा विषादच अधिक झाला.

१९७१ च्या युनिक्स-मार्गदर्शिकेने नाव, रूपरेषा, वर्णन असा क्रम रूढ केला आणि १९९१ च्या डॉस ५.० ने कमांडपुढे '/?' लिहून तपशील मागविण्याची मुभा दिली, हा इतिहास मी वर्गात दरसाल सांगे आणि दरसाल स्वतःच कंटाळे.

माझा खरा काळ २००० ते २०१० चा. काळ्या पडद्यावर एका ओळीत ८० घरे. म्हणून मी मुलांना चौकटीच्या वहीत प्रथम दोन घरे सोडून कमांडचा ऑप्शन आणि तिसाव्या घरापासून त्याचा अर्थ मांडावयास लावी, आणि ओळ मोडली तर तिचा उर्वरित भाग अर्थाच्याच रकान्याखाली आला पाहिजे, अन्यथा सातबाऱ्यातील पिकाची नोंद खातेदाराच्या नावात शिरल्यासारखे होईल, असे बजावी. शेतकऱ्यांची ती मुले. त्यांना अधिक सांगावे लागत नसे. मात्र बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी हा सारा खटाटोप 'सजावट' ठरवून त्यास शून्य गुण दिले, ते मी अद्याप विसरलो नाही.

पुढे एका विद्यार्थ्याने 'हेल्प' मराठीत लिहिली आणि आमची चौकटीची वही निकामी झाली. 'कुटुंब' या शब्दास पडद्यावर तीन घरे पुरतात. परंतु उकार आणि अनुस्वार वेगळे धरल्याने त्याचे युनिकोड संकेतांक सहा होतात, आणि युटीएफ-८ मध्ये बाइट अठरा. सी भाषेतील 'प्रिंटएफ' बाइट मोजून जागा सोडते, सबब २४ घरांच्या रकान्यात ती अवघी सहा घरे भरी आणि पुढचा अर्थ पंधरा घरे अलीकडे सरके. त्या मुलाने अखेर प्रत्येक ओळीत हाताने जागा भरल्या. रात्रीचे दोन वाजले होते.

पायथन बाइटांऐवजी संकेतांक मोजते, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे. परवा नव्या आवृत्तीवर तोच शब्द घालून पाहिला: रंग सुरेख उमटले, आणि अर्थाची ओळ तीन घरे अलीकडेच होती.