वाफ्याचा राखणदार

परसात मक्याचे दाणे पेरावेत आणि दुसऱ्या दिवशी पाहावे, तर वाफा उकरलेला! कावळे, कबुतरे, होले यांना ही आयती मेजवानीच. बुजगावणे उभारले, तर पक्षी आधी बिचकतात. पण ते जागचे हलत नाही, हे ध्यानात आले की थोड्याच दिवसांत त्याच्या डोक्यावरच बसतात. मग पक्ष्यांना दूर कसे ठेवायचे?

एका बाजूने रुपेरी व दुसऱ्या बाजूने लाल अशी चकचकीत प्लॅस्टिकची फीत मिळते. वाफ्याच्या दोन टोकांना काठ्या रोवून, दोन-तीन पीळ देऊन ती बांधा. आरसा फिरवला, तर परावर्तित किरण दुप्पट कोनातून फिरतो, हा नियम आठवतो ना? म्हणजे फीत वाऱ्याने 10 अंश वळली, की कवडसा 20 अंश सरकणार! वारा कधी एकसारखा वाहत नाही. त्यामुळे पुढची चमक कोठे उमटेल, याचा पक्ष्याला अंदाज येत नाही. शिवाय ताणलेली फीत थरथरून घूंऽघूं आवाज करते. हा आवाज पक्ष्यांना ऐकू येतो. 20,000 हर्ट्झच्या वरचे, आपल्याला ऐकू न येणारे आवाज मात्र त्यांनाही ऐकू येत नाहीत. तेव्हा तशा यंत्रांच्या जाहिरातींना भुलू नका.

पक्षी कालांतराने फितीलाही सरावतात. म्हणून ती पेरणीच्या दिवशी बांधा व रोपे मुळे धरून उभी राहिली की सोडून ठेवा. मक्याचा दाणा 4-5 सेंटिमीटर खोल पेरा. उघडा दाणा म्हणजे आमंत्रणच.

पक्ष्यांना हुसकावा, पण मारू नका. चिमण्या धान्य खातात म्हणून 1958 साली चीनमध्ये त्यांना मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. पण चिमण्या किडीही खातात! पुढे किडींचा उपद्रव वाढला आणि 1960 साली मारायच्या प्राण्यांच्या यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला.

आता एक प्रयोग करा. एकमेकांपासून दूर असे तीन वाफे घ्या व प्रत्येकात मक्याचे 50 दाणे पेरा. पहिला उघडा ठेवा, दुसऱ्यावर फीत बांधा, तिसरा जाळीने पूर्ण झाका. जाळी घट्ट ताणा. सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात. दहा-बारा दिवसांनी रोपे मोजा. तिसरा वाफा कशाला, असे वाटेल. पक्षी नसतानाही काही दाणे उगवत नाहीत. ते किती, हे तोच सांगतो. त्यावाचून सगळा दोष पक्ष्यांच्या माथी जाईल!