पोलादात मुरलेला हायड्रोजन

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. चर्चा होते ती या लहरी उठवणाऱ्या कृष्णविवरांची. इंजिनिअरांना मात्र आधी हायड्रोजनशी झुंजावं लागतं.

काटकोनातल्या दोन नळ्या, प्रत्येक 4 किलोमीटर लांब. आतून आरशांदरम्यान लेसर धावणार. लहर आली की या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा-हजाराव्या भागाइतकाही फरक टिपायचा. वाटेत वायूचे रेणू भटकत असतील, तर प्रकाशाची चाल किंचित हलते आणि लहर त्या गोंधळात बुडते. म्हणून नळीतला दाब वातावरणाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आसपास आणतात. तरी घनसेंटिमीटरमागे दोन-अडीच कोटी रेणू उरतातच, आणि त्यांत मोठा वाटा हायड्रोजनचा.

हा येतो कुठून? बाहेरून नव्हे, नळीच्याच भिंतीतून. पोलाद वितळवताना हायड्रोजन त्यात मुरतो, तोही रेणू फुटून सुट्या अणूंच्या रूपात. पुढे हे अणू सरकत पृष्ठभागावर येतात, जोडी जमवतात आणि पोकळीत सुटतात. वर्षानुवर्षं.

गंमत म्हणजे उच्च दाबावर काम करणाऱ्यांनाही हाच स्वभाव छळतो. वायूचा दाब चौपट केला की धातूत मुरणारा हायड्रोजन साधारण दुप्पट होतो, आणि काही पोलादं त्याने ठिसूळ होतात.   

नळीच्या भिंतीतून सुटणाऱ्या हायड्रोजनवर अमेरिकेतल्या लायगोने साधा, पण खर्चिक उपाय केला. जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचं स्टेनलेस स्टील नळी वळवण्याआधीच सुमारे 455 अंशांवर 36 तास भाजलं. उष्णतेने अणूंची चाल वाढली आणि बराचसा हायड्रोजन निघून गेला. नळ्या जोडल्यावर त्यांच्यातूनच 2000 अँपिअरच्या घरात वीज सोडून त्या महिनाभर 160 अंशांच्या आसपास तापवल्या. त्याने भिंतीला चिकटलेलं पाणी गेलं.

आपल्याकडे पोकळीची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. माझ्या मते या प्रकल्पाची पहिली परीक्षा आरशांची नाही, पोलादाची आहे. जोडलेल्या 4 किलोमीटर नळीला पुन्हा 455 अंशांवर भाजता येत नाही.