माहिती राहते कुठे?

मोबाइलमध्ये गाणी, फोटो, चित्रपट भरले की तो आधीपेक्षा जड होतो का? वर्गात कुणी असं विचारलं की बाकीची मुलं हसतात आणि विचारणारा खाली बसतो. खरं तर त्याने खाली बसायचं कारण नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ जॉन कुबियाटोविच यांनी 2011 मध्ये नेमका हाच हिशेब केला होता. चार गिगाबाइटचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र काठोकाठ भरलं, तर त्याचं वस्तुमान एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या साधारण अब्जांशाइतकं वाढतं, असं उत्तर आलं. यंत्रात बाहेरून नवे इलेक्ट्रॉन येत नाहीत. आत होते तेच इलेक्ट्रॉन स्मृतीच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवले जातात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा किंचित जास्त असते, आणि आइनस्टाइनच्या समीकरणानुसार ऊर्जा वाढली की वस्तुमानही वाढतं.

हे वजन ऊर्जेचं आहे. कप्प्यांत कादंबऱ्या भरल्या काय आणि अर्थहीन अक्षरं भरली काय, तराजूला त्याचं देणंघेणं नाही. मग माहिती ही भौतिकशास्त्राची गोष्ट आहे की नाही? मुलांच्या डोक्यात खरा गोंधळ सुरू होतो तो इथे, आणि तो गोंधळ अगदी रास्त आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही त्यातून वाट काढायला शंभरहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात मोजण्यापासून करावी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. टेलिफोनच्या तारेतून किती संदेश पाठवता येतील, हा त्यांचा व्यवहारातला प्रश्न होता. संदेशाचा अर्थ त्यांनी विचारपूर्वक बाजूला ठेवला. किती शक्यतांपैकी एक निश्चित झाली, एवढंच त्यांनी मोजलं. बुद्धिबळाच्या पटावर 64 घरं असतात. राजा नेमका कोणत्या घरात आहे हे केवळ 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तरांतून शोधायचं, तर दर प्रश्नाला शक्यता निम्म्या करत सहा प्रश्नांत शोधता येतं. म्हणजे राजाचा पत्ता ही सहा बिट माहिती झाली. राजा पहिल्याच ओळीत आहे हे आधीच ठाऊक असेल, तर आठच घरं उरतात आणि तीन प्रश्न पुरतात. राजा तोच, पट तोच, तरी माहिती निम्मी. कारण विचारणाऱ्याला आधी किती ठाऊक होतं, हेही या मोजमापात येतं.

'मग ही माहिती खरी कशी? ती तर माणसावर अवलंबून आहे!' हुशार विद्यार्थी इथेच अडतो.

या प्रश्नाचं उत्तर एन्ट्रॉपीत आहे. शॅनन यांचं सूत्र लुडविग बोल्ट्झमन आणि विलार्ड गिब्ज यांनी त्याआधीच उष्णतेसाठी मांडलेल्या सूत्राच्याच घडणीचं आहे. शाळेत एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था असं शिकवतात, आणि मुलांच्या मनात पसरलेल्या खोलीचं चित्र घट्ट बसतं. ते चित्र फार लवकर निरुपयोगी होतं. त्यापेक्षा असं सांगावं: एखाद्या वस्तूचं तापमान, दाब आणि आकारमान ठाऊक असूनही तिच्यातल्या रेणूंची नेमकी स्थिती कळायला अजून किती बिट हवेत, ती संख्या म्हणजे एन्ट्रॉपी. एन्ट्रॉपी ही आपल्याजवळ नसलेली माहिती आहे. 'एन्ट्रॉपी वाढते म्हणजे माहिती वाढते की घटते?' या नेहमीच्या शंकेचं उत्तर त्यातच मिळतं.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, याचा आकडा काढता येतो. अठरा ग्रॅम बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळताना सुमारे 6,010 ज्यूल उष्णता घेतो. तिला 273 केल्विननं भागलं की एन्ट्रॉपीतली वाढ मिळते: केल्विनमागे 22 ज्यूल. बिटांत मांडलं तर ही वाढ दर रेणूमागे सरासरी 3.8 बिट भरते. बर्फाच्या जाळीत जखडलेल्या प्रत्येक रेणूला पाणी होताच चौदापट शक्यता मोकळ्या होतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. कुणाच्याही प्रयोगशाळेत मोजलं तरी हा आकडा हाच येतो, कारण सगळे एकच प्रश्न विचारत असतात: तापमान आणि दाब ठाऊक आहेत, बाकी किती ठाऊक नाही?

आणि एखाद्याला खरोखरच अधिक ठाऊक असेल तर? हाच प्रश्न जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी 1867 मध्ये आपले मित्र पीटर टेट यांना पत्रातून विचारला होता. वायूनं भरलेली पेटी घ्या, मध्ये भिंत, भिंतीत चिमुकलं दार. दाराशी एक सूक्ष्म जीव बसला आहे आणि त्याला प्रत्येक रेणू दिसतो. वेगवान रेणू तो एका बाजूला जाऊ देतो, मंद रेणू दुसऱ्या बाजूला. काही वेळानं एक बाजू तापते, दुसरी थंडावते, आणि त्यासाठी कुणी काहीच काम केलेलं नसतं. उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही हा उष्मागतिकीचा दुसरा नियम इथे मोडलेला दिसतो. या जीवाला राक्षस हे नाव पुढे विल्यम थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्विन यांनी दिलं.

1929 मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी हे कोडं अगदी किमान साहित्यावर आणलं. पेटीत एकच रेणू. मध्ये पडदा सरकवा आणि रेणू डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहा. ही एक बिट माहिती मिळाली की रिकाम्या बाजूला दट्ट्या लावा. रेणू दट्ट्यावर आपटत राहून त्याला ढकलत नेईल आणि भोवतालच्या उष्णतेतून थोडं काम मिळेल. नेहमीच्या तापमानाला ते किती? एका ज्यूलचे, एकावर एकवीस शून्यं मांडली तर जी संख्या होते तितके भाग करावेत. त्यातले सुमारे तीन. अत्यल्प, पण शून्य नाही. फुकट मिळालेलं हे काम कुठेतरी भरून द्यायला हवंच.

'रेणू पाहायला प्रकाश लागेल, प्रकाशाला ऊर्जा लागेल, तिथेच हिशेब जुळतो,' असं उत्तर बहुतेक विद्यार्थी देतात. ते हुशारीचं उत्तर आहे, आणि लिऑन ब्रिल्वाँ यांनी 1951 मध्ये हेच उत्तर गणितासह दिलं होतं. अनेक वर्षं तेच मान्य होतं. पण खर्चाची खरी जागा दुसरीकडे निघाली. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या रॉल्फ लँडॉअर यांनी 1961 मध्ये दाखवलं की उष्णतेची किमान किंमत मोजावी लागते ती माहिती पुसताना. त्याच कंपनीतले चार्ल्स बेनेट यांनी 1982 मध्ये हा धागा राक्षसापर्यंत नेला. पुरेशी काळजी घेतली, तर रेणूचं मापन तत्त्वतः कितीही कमी खर्चात करता येतं. मात्र राक्षसाला प्रत्येक निरीक्षण कुठेतरी नोंदवून ठेवावं लागतं. ती जागा भरली की जुन्या नोंदी पुसाव्या लागतात, आणि एक बिट पुसताना किमान तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते जेवढं काम झिलार्ड यांच्या पेटीनं मिळवून दिलं होतं. हिशेब पैन् पै जुळतो.

लँडॉअर यांचं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं: माहिती अधांतरी नसते. ती शाईच्या ठिपक्यात असेल, चुंबकाच्या दिशेत असेल, इलेक्ट्रॉनच्या जागेत असेल, मेंदूतल्या पेशींत असेल, पण कशात तरी असावीच लागते, आणि ज्यात ती आहे त्या वस्तूला भौतिकशास्त्राचे नियम लागू असतात. ही एवढी गोष्ट मनात पक्की झाली, तर विद्यार्थ्यांच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात.

प्रयोगांनीही साथ दिली. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पाण्यातल्या एका सूक्ष्म मण्यावर कॅमेऱ्याची नजर ठेवली. रेणूंच्या धक्क्यांनी मणी योगायोगानं वर सरकला की मागे विद्युतक्षेत्राचा अडसर घालायचा. अशा रीतीनं केवळ त्याच्या जागेच्या माहितीवर तो पायरी पायरीनं उंच ऊर्जेकडे चढवला. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या लियाँ इथे उलट बाजू तपासली गेली. दोन मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा मणी लेझरनं तयार केलेल्या दोन खळग्यांपैकी एकात असे; डावा खळगा म्हणजे शून्य, उजवा म्हणजे एक. मणी कुठेही असला तरी त्याला ठरलेल्या एकाच खळग्यात आणणं म्हणजे ती बिट पुसणं. पुसण्याची क्रिया जसजशी सावकाश केली, तसतशी बाहेर पडणारी उष्णता लँडॉअर यांच्या मर्यादेजवळ आली, तिच्या खाली मात्र गेली नाही. आजच्या संगणकातल्या चिप त्या मर्यादेच्या हजारो पट उष्णता टाकतात, म्हणून अभियंत्यांना सुधारणेला अजून पुष्कळ वाव आहे.

प्रकाशवेगाबद्दलची एक शंका इथेच मिटवता येते. पृथ्वीवरून लेझरचा ठिपका चंद्रावर टाकला आणि मनगट झटकन वळवून तो सेकंदाच्या शंभराव्या भागात चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेला, तर ठिपक्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 3,47,000 किलोमीटर होईल, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त. सापेक्षतावाद मोडला का? नाही. प्रकाशवेगाची मर्यादा वस्तूंना आणि माहितीला आहे, आणि चंद्राच्या एका कडेवर उभा असलेला माणूस त्या ठिपक्याकरवी दुसऱ्या कडेला एकही बिट पाठवू शकत नाही. ठिपक्यातला प्रकाशाचा प्रत्येक कण स्वतंत्रपणे पृथ्वीवरून निघालेला असतो.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र पुढेच आहे. पुस्तक जाळलं तर त्यातली माहिती नष्ट होते का? एकीकडे सांगितलं जातं की निसर्गात माहिती कधीच नष्ट होत नाही, दुसरीकडे सांगितलं जातं की एन्ट्रॉपी, म्हणजे हातात नसलेली माहिती, वाढत जाते. दोन्ही एकदम खरं कसं? न्यूटनचे नियम घ्या किंवा क्वांटम यामिकीचे, जगापासून अलग असलेल्या प्रणालीची आजची संपूर्ण स्थिती ठाऊक असेल तर तिची कालची स्थिती काढता येते. धूर, राख, उष्णता, प्रकाश यांचा प्रत्येक कण हिशेबात धरला, तर पुस्तक त्यात आहे. ते इतक्या कणांच्या परस्परसंबंधांत विखुरलं जातं की गोळा करणं कुणाच्याही आवाक्यातलं राहत नाही. आपण राखेचं तापमान मोजतो, बाकीचं सोडून देतो, आणि त्या सोडलेल्याची मोजदाद एन्ट्रॉपी म्हणून करतो.

हे ऐकून समाधान होत नाही, कारण जळालेलं पुस्तक परत आणून कुणी दाखवलेलं नाही. अशा वेळी एर्विन हान यांचा 1950 चा प्रयोग सांगावा. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकं भोवऱ्यासारखी डोलतात. रेडिओलहरींच्या एका झटक्यानं ती एका तालात आणली की त्यांचा एकत्रित संकेत मिळतो. पण प्रत्येकाच्या जागचं चुंबकीय क्षेत्र थोडं वेगळं, म्हणून काही पुढे जातात, काही मागे पडतात आणि संकेत विरून जातो. पाहणाऱ्याला वाटेल, माहिती गेली. हान यांनी थोड्या वेळानं दुसरा झटका दिला. मैदानावर एका रेषेतून धावत सुटलेल्या मुलांना शिट्टी वाजताच मागे फिरायला सांगावं, म्हणजे सर्वांत पुढे गेलेल्याला सर्वांत लांब अंतर कापावं लागतं आणि सगळी एकाच वेळी रेषेवर पोचतात, तसंच इथे घडलं. तेवढ्याच वेळानंतर संकेत पुन्हा उमटला. दवाखान्यातल्या एमआरआय तपासणीत हे तंत्र रोज वापरलं जातं. संकेत पूर्ण ताकदीनं मात्र परतत नाही. आसपासच्या कणांच्या आकस्मिक धक्क्यांमुळे जो भाग भोवतालात गेला, तो दुसऱ्या झटक्यानं मिळत नाही.

भोवतालात गेलेल्या भागाविषयी एक भारतीय काम आवर्जून सांगायला हवं. अरुण पती आणि सॅम्युअल ब्राउनस्टाइन यांनी 2007 मध्ये सिद्ध केलं की क्वांटम माहिती एका प्रणालीतून पूर्ण पुसली गेली, तर ती भोवतालात सरकलेली असते; दोघांमधल्या संबंधांतच ती लपून राहू शकत नाही. झरणा राणी सामल, पती आणि अनिल कुमार यांचा या प्रमेयाची तपासणी करणारा प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेला हा प्रयोग हान यांच्याच क्षेत्रातला, अणुकेंद्रकीय चुंबकत्वावरचा होता.

कृष्णविवराशी हा सगळा युक्तिवाद अडखळतो. जेकब बेकनस्टाइन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या घनफळाच्या नव्हे, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत थानू पद्मनाभन यांनी याच सूत्रावर दीर्घकाळ काम केलं. कृष्णविवराच्या क्षितिजाला, म्हणजे जिथून काही परतत नाही त्या सीमेला, तापमान असेल, तर वायूला असतात तसे अवकाश-काळालाही सूक्ष्म घटक असले पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. स्टीफन हॉकिंग यांनी 1974 मध्ये दाखवलं की कृष्णविवर मंद उष्णता सोडतं आणि अखेर विरून जाऊ शकतं. दोन वर्षांनी त्यांनीच बॉम्ब टाकला: आत पडलेल्या पुस्तकाचा त्या उष्णतेत कसलाच मागमूस नसतो, म्हणजे माहिती कायमची नष्ट होते.

1997 मध्ये हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी, माहिती नष्ट होत नाही असं मानणाऱ्या जॉन प्रेस्किल यांच्याशी यावर पैज लावली. 2004 मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी हार मानली आणि प्रेस्किल यांना त्यांच्या आवडीचा बेसबॉलचा कोश भेट दिला. थॉर्न यांनी तेव्हा हार मानली नाही. माहिती परत येत असेल, तर उत्सर्जित उष्णतेची एन्ट्रॉपी आधी वाढून मग घटली पाहिजे, असा आलेख डॉन पेज यांनी 1993 मध्येच काढून ठेवला होता. 2019 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून तशीच घट काढून दाखवली. मात्र हे गणित एन्ट्रॉपीची एकूण रक्कम सांगतं. आत पडलेल्या पुस्तकाची अमुक एक बिट बाहेर येणाऱ्या कोणत्या कणावर स्वार होऊन निघते, हे त्यातून कळत नाही, आणि सध्या या विषयात काम करणारे संशोधक त्याच शोधात आहेत.