मेंढी काय खाते, हे आपल्याला कसं कळतं?

गोवंडीत उभं राहून मेंढीच्या चरण्यावर बोलायचं, म्हणजे जरा गंमतच. इथे कुरण कुठलं? पण देवनारचा कत्तलखाना 1971 पासून आपला शेजारी आहे. तिथे जाणतं गिऱ्हाईक मेंढीच्या कमरेवर बोटं दाबतं, मणक्याचं हाड किती बोचतं ते बघतं. हाड बोचलं, की चारा पुरला नाही. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी 1969 मध्ये याच चाचपणीसाठी शून्य ते पाच अशी गुणांची पट्टी मांडली.

न्यायदर्शनात याला शेषवत् अनुमान म्हणतात. नदीला गढूळ पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. कार्यावरून कारण. अडचण एवढीच, की पूर दिसतो तेव्हा पाऊस पडून गेलेला असतो. मेंढी रोडावल्यावर कळून मेंढपाळाला काय उपयोग?

मग आधी कसं कळावं? आपण म्हणू, कुरणातलं गवत कापा, प्रयोगशाळेत पाठवा, प्रथिनं मोजा. पण बघा, विळा निवड करत नाही, मेंढी करते. तिचा वरचा ओठ मधे दुभंगलेला असतो, त्यामुळे ती कोवळं पान खुडते आणि काडी सोडते. इंग्लंडमध्ये मेंढ्यांना गवत आणि बरसीमच्या जातीचं क्लोव्हर शेजारी-शेजारी दिलं, तेव्हा त्यांच्या खाण्यात क्लोव्हर साधारण 70 टक्के आलं. नुसतं क्लोव्हर नाही, हेही लक्षात घ्या. सकाळी ओढा क्लोव्हरकडे, संध्याकाळी गवताचा वाटा वाढलेला. म्हणजे कापलेला नमुना हा मेंढीचा आहार नव्हे.

आता गळ्यात पट्टा बांधतात. त्यातलं जीपीएस जागा सांगतं, दुसरं यंत्र मानेची हालचाल टिपतं. मान खाली, म्हणून मेंढी चरते आहे. धूर आहे, म्हणून अग्नी आहे, तसंच हे. पण व्याप्ती तपासायला नको? पाणी पितानाही मान खाली असते. भर उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, तेव्हाही. म्हणून आधी कुणीतरी कळपामागे चालतं, डोळ्यांनी बघून नोंदी करतं, आणि यंत्राचे आकडे त्यांच्याशी ताडले जातात. अनुमान शेवटी प्रत्यक्षावरच उभं असतं. शिवाय मेंढी चरते हे कळलं, तरी चारा किती सकस हे पट्टा सांगत नाही. त्यासाठी लेंडी तपासतात. तिच्यातल्या नायट्रोजनवरून चाऱ्याच्या प्रतीचा अंदाज येतो.

हे का महत्त्वाचं? चाऱ्यात प्रथिनं साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली, की मेंढीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते. चारा पचत नाही, पुढे सरकत नाही. पोट भरलेलं आणि मेंढी उपाशी! फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला. कोकरं दोन झाली. पण माळ तोच. दोघांना पुरेल एवढं दूध आईने कुठून आणायचं?

पारनेरजवळच्या धवळपुरीचे धनगर हा हिशेब पायांनी करतात. माळावरची कुसळी पावसाळ्यात कोवळी असते, फुलोऱ्यानंतर तिची कुसळं तोंडात टोचतात. पावसाळा सरला, की वाडे कोकणात उतरतात, भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात.

उपग्रहाच्या चित्रात मात्र घाणेरीही हिरवीच दिसते. मेंढीला ती विषारी आहे. उलट वाळलेला माळ दप्तरात 'पडीक' ठरतो, आणि पडीक जमीन दुसऱ्या कामाला द्यायला कुणाचा हात अडत नाही. चूक कागदावर होते, वाट मात्र धनगराची बंद होते.

म्हणून चौथं प्रमाण आठवा: शब्द. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त. वात्स्यायन स्पष्टच म्हणतो, की ऋषी, आर्य, म्लेंच्छ, सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू. पदवीची अट त्याने घातलेली नाही. पट्टा जरूर बांधावा, लेंडीही तपासावी. पण माळाचा निकाल लावण्याआधी कळपामागे चालणाऱ्याला विचारावं. ते सौजन्य म्हणून नव्हे, प्रमाण म्हणून.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.