अर्धा राहिलेला पिवळा स्वेटर

जुलै २०१८ चा दुसरा आठवडा कुठलाच वसईकर विसरणार नाही. पाऊस थांबायचं नाव घेईना. वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वीज गेली. आमचं घर तळमजल्यावर. पाणी उंबरा ओलांडून आत यायला लागलं तेव्हा आधी धान्याचे डबे वर उचलले, मग कागदपत्रं, मग सासूबाईंची औषधं. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक कुणाला आठवलीच नाही!

पाणी ओसरल्यावर ती बाहेर ओढली. कडी हलेना, शेवटी ह्यांनी हातोडीने उघडली. वरच्या चादरी चिखलाने माखलेल्या, जुन्या फोटोंचा लगदा झालेला. तळाशी मात्र घट्ट गाठ मारलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. ती सोडली आणि मी तिथेच खाली बसले. आत पिवळ्या लोकरीचं वीतभर विणकाम होतं. टाके अजून सुईवरच होते. चोवीस वर्षं ते तसेच वाट बघत होते.

मैत्रिणींनो, तो स्वेटर मी लगेच ओळखला.

लग्न होऊन मी वसईला आले तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडायचं होतं. माझी नोकरी चर्चगेटला. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. मे १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता! त्या गाडीत कुणी मटार सोलायचं, कुणी भाजी निवडायचं, कुणी भजन म्हणायचं आणि खिडकीशी जागा मिळालेल्या दोघी-तिघी हमखास विणत असायच्या. माझे सुलट-उलट तिथेच पक्के झाले. टाका गळला की समोरची अनोळखी बाई हातातून सुया घ्यायची, दोन ओळी खाली जाऊन टाका वर आणून द्यायची आणि भाईंदर यायच्या आत सुया परत माझ्या हातात!

पण खऱ्या गुरू सासूबाई. त्यांचं बालपण गिरगावातलं. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरच्या बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या सांगायच्या, "युद्ध महिन्याभरात थांबलं गं, पण माझी दुसरी बाही राहिली होती. ती पूर्ण करूनच दिला. कुणाच्या अंगात गेला, देव जाणे." आपल्या कोकणपट्टीत थंडी ती केवढी! तरी आमच्या घरात प्रत्येकाचा एक हातचा स्वेटर होताच. माथेरानला किंवा महाबळेश्वरला जायचं निघालं की कपाटातून बाहेर यायचे, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन.

१९९४ मध्ये मला दिवस गेले. पाचव्या महिन्यात सासूबाई बाजारातून पिवळी लोकर घेऊन आल्या. "मुलगा असो की मुलगी, पिवळा दोघांनाही शोभतो," म्हणाल्या. शेजारच्या एक काकू बघून म्हणाल्याच, "अहो, बाळ यायच्या आधी कपडे करू नयेत. आधीच कशाला सुया घातल्या?" सासूबाई हसल्या आणि विणत राहिल्या.

सातव्या महिन्यात माझा रक्तदाब वाढला. बाळ राहिलं नाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा पिवळी लोकर दिसेनाशी झाली होती. सासूबाईंनी माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू, न्हाऊमाखू, काही कमी केलं नाही. पण त्या बाळाविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि सुयांना परत हात लावला नाही. मला वाटलं, त्या माझ्यावर नाराज आहेत. नोकरी सोडली नाही, रोज गर्दीत धक्के खात गेले, म्हणून असं झालं असं त्यांना वाटत असणार. मीही विणणं सोडलं. गाडीत खिडकीशी जागा मिळाली तरी डोळे मिटून बसायची. दोन वर्षांनी लेक झाली. तिचे स्वेटर, टोपडी, मोजे सगळं दुकानातून विकत आलं. आम्ही दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. एका घरात, एका ओट्याशी राहून चोवीस वर्षं!

आणि आता ती पिशवी माझ्या मांडीवर होती. वीज नव्हती, टीव्ही नव्हता, फोन बंद. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही हा ठेवलात? उसवला नाहीत?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उसवायला बसले होते एकदा. हातच चालेना. त्या काकू बरोबर म्हणत होत्या. मीच आधी सुया घातल्या. माझ्यामुळे गेलं गं तुझं बाळ. तुला तोंड कसं दाखवायचं, हेच कळेना मला."

मी त्यांचा हात धरला. "आई, डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तदाबामुळे झालं. लोकरीचा त्यात काय दोष?" त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही." खरंच होतं ते. डॉक्टर माझ्याशी आणि ह्यांच्याशी बोलले होते. सासूबाईंना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्या मला अपराधी समजतात असं मी समजत होते, आणि त्या स्वतःला!

बाळाच्या आधी कपडे करू नयेत, ही समजूत एके काळी पहिल्या दिवसांतलं दुःख हलकं करण्यासाठीच आली असेल. घरात रिकामं झबलं दिसू नये, एवढाच तिचा अर्थ असेल. पण तिचा दोष होऊन एखाद्या बाईच्या मानेवर बसला की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

लोकर धुऊन गच्चीवर वाळत घातली. आपल्याकडे 'लोकर' म्हणून विकला जाणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो, त्यामुळे पाण्याने ती आटली नाही. सुया मात्र गंजल्या होत्या. टाके अलगद नव्या सुयांवर घेतले. पहिल्या दिवशी माझी बोटं ऐकेनात. सुलटच्या जागी उलट, मध्येच एक टाका जास्त. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, पण त्या बोटं फिरवून सांगायच्या, "इथे चुकलंस. तिसऱ्या ओळीत." आणि खरंच तिथेच चुकलेलं असायचं! पाठ मी पुरी केली, पुढचा भाग मी विणला, गळा त्यांनी सांगितला. दिवाळीपर्यंत स्वेटर झाला.

पण द्यायचा कुणाला? आमच्या ओळखीच्या एका परिचारिकेने मार्ग दाखवला. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात कमी वजनाची बाळं जन्मतात, आणि तिथली थंडी आपल्या वसईसारखी नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही. त्यातही डोक्यातून फार ऊब जाते. म्हणून 'कांगारू मदर केअर'मध्ये बाळाला नुसती टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून ठेवतात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज जगभर वापरली जाते. पिवळा स्वेटर तिकडच्याच एका बाळाला गेला. त्यानंतर आम्ही दोघी टोप्या आणि मोजेच विणतो. सासूबाई म्हणाल्या, "बासष्ट सालासारखंच झालं. कुणाच्या अंगात जातं, देव जाणे."

तुम्हालाही परत सुया हातात घ्याव्याशा वाटत असतील, तर टोपीपासूनच सुरुवात करा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात, त्यामुळे उत्साह टिकतो. साधी मऊ लोकर आणि दहा नंबरची सुई घ्या. (सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे विसरायला होतं!) आधी चार बोटं नमुना विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, मग डोक्याच्या घेराप्रमाणे टाके घाला. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो, कमी दिवसांच्या बाळाचा त्याहून लहान. काठाला एक सुलट, एक उलट घातलं की टोपी ताणली जाते आणि बसते छान. नवजात बाळासाठी केसाळ लोकर नको, नाड्या नकोत, बटणं-गोंडेही नकोत. जाळीची वीण तर नकोच, चिमुकली बोटं अडकतात. देण्याआधी टोपी धुऊन वाळवा, आणि दवाखान्यात काय चालतं ते आधी विचारा.

सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. लेक पुण्याहून आली की त्यांच्या पायाशी सुया घेऊन बसते. परवा तिच्या हातून मधला एक टाका गळला आणि ती वैतागून म्हणाली, "आजी, सगळं उसवते आता."

सासूबाईंनी तिचा हात धरला. "उसवायचं नाही लगेच. कुठे गळलाय ते आधी विचार. दोन ओळी खाली असेल, वर आणता येतो."

मी ओट्याशी उभी होते. चहा उतू गेला, तो पुसायलाही मला थोडा उशीरच झाला.